एक मिनिट

चार लिटरचा डबा, तेवीस युरो नव्वद.
शेजारचा चोपन्न.
त्याच्यावर उधळलेली गाडी, सोनेरी थेंब, मागे ज्वाळा.
माझ्या हातातल्यावर नुसतं दुकानाचं नाव.

ओइवाने बजावलं होतं, पुढचं चित्र बघायचं नाही.
डबा उलटा कर, चष्मा लाव,
मुंगीएवढं छापलेलं असतं ते वाच.
पाच डब्ल्यू चाळीस. पूर्ण सिंथेटिक.
त्याखाली गाडी बनवणाऱ्यांच्या मंजुरीचा क्रमांक.
तो असला तर वरचे तीस युरो चित्राचे.
नसला तर फुकट दिलं तरी नको.

केमीत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधार.
मी दुकानाच्या दिव्याखाली डबा धरून उभी,
ओठ हलवत आकडे जुळवते
हातावर ओइवाने लिहून दिलेल्यांशी.

गाडी साब, दोन हजार तीनची.
तीन लाख दहा हजार किलोमीटर.
बनवणारा कारखाना कधीच बुडाला,
चालवणारा टाइस्तो मागच्या मार्चात गेला.
उरलो आम्ही दोघी.

उन्हाळ्यात ओइवाने खालची परात उघडली.
गाळणीवर काळा थर बसलेला,
डिंकासारखा, नखाने खरवडावा असा.
"टर्बो लाल होईस्तोवर तापतो," तो म्हणाला,
"तेल स्वस्तातलं असो की महागातलं,
थकलं की करपतंच.
शेवटची दोन वर्षं बदललेलंच दिसत नाही."

शेवटची दोन वर्षं.
मी काही बोलले नाही.
त्या दोन वर्षांत आमच्या घरात
फक्त औषधांच्या तारखा पाळल्या जात होत्या.

"महागडं भरून वीस हजार ओढण्यापेक्षा
हे भर, आणि आठ हजारांना काढून टाक.
अन् हो, घरी आलीस की लगेच बंद करायची नाही.
एक मिनिट तशीच चालू ठेव.
आतला पंखा अजून फिरत असतो, धगीत असतो.
तेल थांबलं तर त्याच्या पोटातच जळतं."

एक मिनिट.

अठरा वर्षं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं,
तो अंगणात येऊन थांबायचा.
दिवे चालू, इंजिन चालू, हात मांडीवर.
आत यायचा नाही.
ओतलेली कॉफी गार व्हायची.
मला वाटायचं, या उंबऱ्यावर पाऊल टाकायला
याला जीव गोळा करावा लागतो.
एकदा तर म्हणाले,
एवढं जड जात असेल तर तिथेच झोप.
तो म्हणाला, "गाडीसाठी."
एकच शब्द. मी तो खोटा धरला
आणि धरूनच ठेवला.

शनिवारी ओइवाच्या खड्ड्यावर
जुनं तेल धारेनं उतरलं, मग थेंबानं.
नवं ओतताना नरसाळं मीच धरलं.
मधासारखं, पण मधाहून पातळ.
इंजिन क्षणभर खोकलं, मग घुमू लागलं.
ओइवा कान देऊन ऐकत राहिला
आणि पैसे घेताना अर्धेच घेतले.

आता अंगणात आले आहे.
बर्फ भुरभुरतोय, किल्लीवर हात आहे, फिरवलेला नाही.

इथून स्वयंपाकघर सगळं दिसतं,
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
दिवा मी लावूनच गेले होते.
शेगडी, किटली, राईच्या पावाची पिशवी,
खिडकीपाशी मी उभी राहायचे ती जागा,
इतकी स्पष्ट, की कुणी उभं असतं
तर तिच्या कपाळावरची आठी मोजता आली असती.

तो काय बघायचा,
का नुसताच घड्याळाचा काटा बघायचा,
ते आता कुणाला विचारू.

मिनिट कधीच होऊन गेलं. चार झाली असतील.
तेलात वाचवलेले तीस युरो
मागच्या नळीतून पांढरे होऊन जातायत.
जाऊ देत.
सकाळी तेलाची काडी पुसून बघायला हवी.